एकाच घरात राहणाऱ्या भुता-पिशाच्चांची मालिका सुचवावी

पांदणवाट (प्रश्न)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. कापसाची शेवटची वेचणी आटोपली की आमच्याकडे संध्याकाळी थोडी उसंत मिळते, आणि या वर्षी धाकटी बहीणही परीक्षा देऊन घरी आलेली असल्यामुळे दोघींनी मिळून एखादी मालिका सलग पाहावी असा विचार आहे. मालिका भुताखेतांची हवी, परंतु दार करकरले, वीज कडाडली आणि पडद्यावर एकदम विद्रूप चेहरा आला, अशा धक्क्यांवर चालणारी नको.

नेमके काय हवे आहे ते सांगते. डी.एड. झाल्यानंतर मी दोन वर्षे नागपुरात खोली करून राहिले. आम्ही तिघी होतो. एक रात्री दोनपर्यंत दिवा लावून अभ्यास करायची, दुसरी पहाटे चारला उठून भांडी वाजवायची, आणि सिलिंडर कोणाच्या पाळीत संपले यावरून महिन्यातून एकदा अबोला ठरलेला असे. आम्ही गमतीने एकमेकींना हडळ आणि जखीण म्हणत असू. त्या दिवसांपासून माझ्या डोक्यात एक कल्पना आहे की खरोखरच एक हडळ, एक वेताळ आणि एक चेटकीण भाड्याच्या घरात एकत्र राहू लागले, तर घरभाडे, दूध आणि केराची पाळी या गोष्टी ते कशा निभावतील? अशा विषयावर गंभीरपणे केलेली एखादी मालिका आहे का?

२०१६ साली आलेली ‘रात्रीस खेळ चाले’ मी आवडीने पाहिली होती, आणि तिच्यातील नाईकांचा वाडा अजून डोळ्यांसमोर आहे. मात्र तिथे माणसे राहतात आणि भीती बाहेरून आत येते. मला ज्यांची भीती वाटावी तेच घरात राहत आहेत, अशी कथा हवी आहे.

दोन अडचणी आहेत. आमच्या घरी नेटवर्क फक्त गच्चीवर मिळते, त्यामुळे भाग आधी उतरवून घ्यावे लागतील, म्हणून एकूण भाग किती आहेत ते कळवावे. दुसरे म्हणजे इंग्रजी वाचलेले आम्हा दोघींना समजते, परंतु बोललेले प्रत्येक वेळी समजतेच असे नाही. आई त्याच खोलीत वाती वळत बसलेली असते, हेही कृपया लक्षात घ्यावे.

मोहफूल

ताई, तुमचे वर्णन वाचून एकच नाव आठवले, आणि ते म्हणजे ‘बीइंग ह्यूमन’. ही ब्रिटिश मालिका बीबीसी थ्री या वाहिनीसाठी टोबी व्हिटहाऊस यांनी निर्माण केली. फेब्रुवारी २००८ मध्ये तिचा एकच चाचणी-भाग दाखवला गेला. तो प्रेक्षकांना इतका आवडला की पूर्ण मालिका व्हावी म्हणून लोकांनी इंटरनेटवर सह्यांची मोहीम चालवली, आणि जानेवारी २००९ मध्ये पहिले पर्व सुरू झाले. मार्च २०१३ मध्ये पाचवे पर्व संपले. पर्वांचे भाग अनुक्रमे ६, ८, ८, ८ आणि ६ असे आहेत, म्हणजे चाचणी-भाग वगळता ३६. प्रत्येक भाग जवळजवळ तासाभराचा आहे, तेव्हा गच्चीवर बसून उतरवायचे असतील तर एकावेळी एकच पर्व उतरवा.

कथा अशी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात मिचेल आणि जॉर्ज हे दोन मित्र एका रुग्णालयात हलकीसलकी कामे करतात. मिचेल व्हॅम्पायर आहे, म्हणजे रक्तावर जगणारे पिशाच्च. तो पहिल्या महायुद्धात सैनिक असताना तसा झाला आणि तेव्हापासून त्याचे वय वाढलेले नाही. जॉर्ज दर पौर्णिमेला लांडगा होतो. दोघेही ठरवतात की आपण माणसांसारखे एक घर भाड्याने घ्यावे आणि माणसांसारखे राहावे. ते घर घेतात, आणि घरात आधीपासूनच ॲनी नावाच्या मुलीचे भूत आहे. घरमालक कोण, तर ज्याच्याशी तिचे लग्न ठरले होते तोच तरुण. ती त्या घरात का अडकली आहे, हे मी सांगणार नाही. कोणी सांगू लागले तर कान बंद करा.

तुम्ही केराच्या पाळीचा उल्लेख केला आहे, आणि या मालिकेचा जीव तिथेच आहे. ॲनी दिवसभर चहा करत असते. तिला तो पिता येत नाही, कारण ती भूत आहे. परंतु जिवंतपणीची सवय सुटत नाही, म्हणून ती कपामागून कप भरत राहते, आणि टेबलावर, खिडकीत, जिथे जागा मिळेल तिथे गार झालेल्या चहाचे कप साचत जातात. जॉर्ज त्यावरून वैतागतो. मला वाटते, एखाद्या मृत मुलीचे दुःख दाखवण्यासाठी रडण्यापेक्षा हे साचलेले कप अधिक काम करतात. पहिल्या पर्वात सर्वसामान्य माणसांना ती दिसतही नाही. दिसते ती तिच्यासारख्याच अमानवी लोकांना. म्हणजे ज्यांना घाबरायचे, त्याच दोघांच्या सोबतीत तिला आपण आहोत असे वाटते.

या मालिकेच्या जन्माची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. व्हिटहाऊस यांना मुळात भुतांवर काही लिहायचेच नव्हते. शिक्षण संपल्यावर मिळून घर घेणाऱ्या तीन मित्रांची साधी कथा त्यांच्या डोक्यात होती. त्यांतला एक राग आतल्या आत दाबणारा, दुसरा व्यसनातून बाहेर पडू पाहणारा आणि तिसरी घराचा उंबरा ओलांडायला घाबरणारी. ती कथा पुढे सरकेना, तेव्हा राग दाबणारा लांडगा झाला, आणि मग इतर दोघांनाही त्यांची रूपे मिळाली. त्यामुळे ही पात्रे आधी माणसे आहेत, आणि त्यांचे राक्षसपण त्यांच्या स्वभावातूनच उगवले आहे. बहुतेक भुताच्या मालिकांत याच्या उलट घडते. आधी भूत ठरते, आणि मग त्याला नाव आणि पोशाख मिळतो.

मी गडचिरोली जिल्ह्यातील आहे. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असली तरी दारू कुठे मिळते आणि कोण पितो हे गावात सर्वांना ठाऊक असते, आणि कोणी सोडली हेही सर्वांना ठाऊक असते. आमच्या आळीत दारू सोडलेला एक गृहस्थ आहे. पोळ्याच्या संध्याकाळी बैलांची पूजा झाली की जुने सोबती त्याला हाका मारतात, “आज सणाचं थोडीशीच.” तो अंगणात चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून बसून राहतो, उत्तर देत नाही आणि उठतही नाही. मिचेल मला नेमका तसा दिसला. त्याने रक्त सोडले आहे, परंतु शहरात त्याचे जुने सोबती आहेत. त्यांचा म्होरक्या हेरिक हा तर पोलिसाच्या गणवेशात उजळ माथ्याने फिरतो. तो मिचेलला धमकावत नाही, प्रेमाने बोलावतो, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. मिचेलच्या भूमिकेतील एडन टर्नर हे आयरिश नट या झटापटीत चेहऱ्याची एक रेषही वाया घालवत नाहीत.

जॉर्जची भूमिका रसेल टोवी यांनी केली आहे. चाचणी-भागातील तीन मुख्य नटांपैकी पुढे टिकलेले तेच एकटे. पहिल्या भागात जॉर्ज लांडगा होतो तो प्रसंग चुकवू नका. त्याच्या शरीरात काय चालले आहे हे मिचेलचा आवाज शांतपणे सांगत असतो. हृदय आकसते आणि बंद पडू लागते, यकृत व मूत्रपिंडे निकामी होतात, घसा फाटून नव्याने घडतो, म्हणून तो ओरडायचाही थांबतो. एखादा डॉक्टर नातेवाइकांना रोग्याची अवस्था समजावून सांगतो तसा तो आवाज आहे. तुम्हाला नको असलेला धक्का त्यात नाही, मात्र अंगावर काटा येतो.

आता सावधगिरीच्या गोष्टी. शिव्या भरपूर आहेत, रक्त आहे, आणि शयनगृहातील प्रसंगही आहेत, त्यामुळे आईंच्या देखत पाहताना मोबाइलवर इअरफोन लावणे बरे. मिचेलचे आयरिश उच्चार जड जातील, म्हणून इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवा. तिसऱ्या पर्वापासून कथा ब्रिस्टल सोडून वेल्समधील बॅरी आयलंड येथील एका जुन्या अतिथिगृहात जाते, आणि त्यानंतर मुख्य नट एकेक करून बाहेर पडतात. पाचव्या पर्वात मूळ तिघांपैकी कोणीही उरत नाही. माझे मत विचाराल तर पहिली तीन पर्वे सलग पाहा आणि थोडे थांबा. पुढे हॅल, टॉम आणि ॲलेक्स असे नवे त्रिकूट येते, तेही चांगले आहे, परंतु जुने भाडेकरू गेल्यावर त्याच खोलीत दुसरे आले की जे वाटते ते काही काळ वाटतेच.

संत्राबाग

मोहफूल भाऊंचे विवेचन उत्तम आहे, तरीही ताईंनी सांगितलेल्या अडचणी पाहता माझे मत वेगळे पडते. त्यांनी अमेरिकन ‘बीइंग ह्यूमन’ आधी पाहावी. ती सायफाय वाहिनीवर जानेवारी २०११ ते एप्रिल २०१४ या काळात आली. चार पर्वे आहेत, प्रत्येकात १३ भाग, एकूण ५२. संख्या मोठी दिसली तरी प्रत्येक भाग पाऊण तासाच्या आतबाहेर आटोपतो. कथा बॉस्टन शहरात घडते. एडन हा व्हॅम्पायर, जॉश हा लांडगा आणि सॅली हे भूत अशी नावे आहेत. (ब्रिटिश मालिकेतील व्हॅम्पायर साकारणाऱ्या नटाचेच नाव अमेरिकन व्हॅम्पायरला मिळाले आहे, त्यामुळे दोन्हींविषयी एकदम वाचताना माझा बराच गोंधळ उडाला होता.)

हिच्या बाजूने सांगण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे माणसे बदलत नाहीत. पहिल्या भागात जे तिघे घरात राहायला येतात, त्यांच्यासोबतच आपण शेवटच्या भागापर्यंत जातो, आणि लांडग्याची प्रेयसी नोराही टिकून राहते. घराची कथा सांगायची असेल तर घरातील माणसे टिकली पाहिजेत, असे मला वाटते. उच्चारही आपल्या कानाला सोपे आहेत. सॅलीची भूमिका करणाऱ्या मेगन रॅथ यांच्या आईचे मूळ गोव्याचे आहे, हे कळल्यापासून ते भूत मला उगाचच आपल्या बाजूचे वाटू लागले.

माझी अचलपूरकडे संत्र्याची बाग आहे. शेताला थ्री फेज वीज काही दिवस रात्रीच मिळते, तेव्हा ओलितासाठी रात्रभर बागेत थांबावे लागते. ही मालिका मी मोटारीजवळच्या खोपडीत बसून पाहिली. एका रात्री जॉशच्या रूपांतराचा प्रसंग चालू असताना शेजारच्या हरभऱ्यात रानडुकरे शिरली, आणि मी टॉर्च उचलण्याऐवजी मोबाइलच बाहेरच्या दिशेने रोखून उभा राहिलो. सांगायचा मुद्दा असा की मालिका घाबरवू शकते. तरी माझ्या मनात राहिली ती दुसरीच बाब. जॉश पौर्णिमेआधी सगळी तयारी करतो, म्हणजे जागा, कपडे आणि परतीची सोय. चंद्राचे वेळापत्रक पाहून जगणारा तो माणूस मला ओळखीचा वाटला, कारण आम्ही विजेचे वेळापत्रक पाहून जगतो.

उणीव एकच. पहिले पर्व मूळ ब्रिटिश कथेच्या मागोमाग चालते, आणि स्वतःचा रस्ता सापडायला तिला वेळ लागतो.

मोहफूल

संत्राबाग भाऊ, माणसे टिकण्याचा मुद्दा मान्य. परंतु बॉस्टनमधील त्या तिघांचे घर मला जरा नीटनेटके वाटते, आणि ती माणसेही. ब्रिस्टलच्या घरात गरिबी दिसते, बाहेरून गुलाबी रंग आणि आत कुबट भिंती. ज्याला घरभाड्याची काळजी नाही, त्याच्या राक्षसपणाची मला तितकीशी काळजी वाटत नाही. ताईंनी प्रश्नच भाड्यापासून सुरू केला आहे, म्हणून माझा कौल ब्रिटिश मालिकेलाच.

पारावरचा

दोघेही फार गंभीर झाले, म्हणून हलक्या बाजूने दोन नावे सांगतो. ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ या अमेरिकन मालिकेची सहा पर्वे २०१९ ते २०२४ या काळात आली. २०१४ च्या न्यूझीलंडच्या चित्रपटावरून ती निघाली. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागात शेकडो वर्षे जुने व्हॅम्पायर एकत्र राहतात आणि माहितीपट काढणारे त्यांच्यामागे कॅमेरा घेऊन फिरतात, असा तिचा थाट आहे. त्यात कॉलिन रॉबिन्सन नावाचा एक आहे. तो रक्त पीत नाही, समोरच्याला कंटाळवाण्या गप्पांनी पिळून त्याची शक्ती शोषतो. आमच्या पारावर असे दोन आहेत, आणि माझी पत्नी म्हणते की तीन आहेत. ताई, कामांच्या पाळीवरून घरात भरलेली सभा पाहायची असेल तर हीच पाहा, पण ही आईंसमोर अजिबात नको.

आईंसोबत पाहायची असेल तर ब्रिटिश ‘घोस्ट्स’ पाहा. २०१९ ते २०२३, पाच पर्वे, अर्ध्या तासाचे भाग. एका जोडप्याला मोडकळीला आलेला वाडा वारशाने मिळतो आणि त्यात आदिमानवापासून अलीकडच्या राजकारण्यापर्यंत वेगवेगळ्या काळात मेलेली भुते दाटीवाटीने नांदत असतात. वारसा, डागडुजी आणि भाऊबंदकी. समजावून सांगायची गरज पडणार नाही.

धानपेरा

मी भंडारा जिल्ह्यातील आहे, आणि माझा अनुभव थोडा वेगळ्या प्रकारचा असल्यामुळे सविस्तर लिहितो. मोहफूल यांनी सांगितलेली ब्रिटिश मालिका मी एकट्याने पाहिली नाही. माझ्या आजीला ती रोज रात्री गोष्टीसारखी सांगितली. आजीचे वय झाले आहे आणि दिसते कमी, परंतु झाडीपट्टीतील नाटके मंडईच्या दिवसांत रात्र-रात्र बसून पाहिलेली असल्यामुळे कथेत कुठे खोट आहे ते तिला तत्काळ कळते. मी भाग पाहायचो आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिला ऐकवायचो.

तिची पहिली हरकत मालिकेच्या मूळ कल्पनेवरच होती. ती म्हणाली, “भुतं काऊन एका घरात राहतील? ज्याची त्याची जागा असते.” विचार केल्यावर तिचे म्हणणे पटले. आपल्याकडे मुंजा पिंपळावर असतो, आसरा पाण्यात असतात, चकवा शिवेवरच्या ओसाड रानात माणसाला फिरवत राहतो. कोणी दुसऱ्याच्या हद्दीत जात नाही, आणि त्यामुळेच आपल्या भुतांच्या गोष्टी एकेकट्या भुताच्या असतात. त्या मालिकेतील तिघांना मात्र आपापली जागाच उरलेली नाही. व्हॅम्पायरने आपले टोळके सोडले आहे, लांडग्याने आपले घरदार सोडले आहे, आणि भूत घरातच असले तरी ते घर आता भाड्याने दिलेले आहे. मी हे आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मंग ते कामाले शहरात गेलेल्या पोट्ट्यांसारखे झाले.” एवढ्यावर तिने मालिकेला परवानगी दिली.

जॉर्जविषयी तिला विशेष काही नवल वाटले नाही, कारण तिच्याकडे वाघ होणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. तिच्या गोष्टीत एका माणसाला एक मुळी माहीत असते. ती खाल्ली की तो वाघ होतो, आणि दुसरी मुळी हुंगवली की पुन्हा माणूस. बायको हट्ट धरते की मला वाघ होऊन दाखवा. तो दुसरी मुळी तिच्या हातात देतो आणि पहिली खातो. समोर खराखुरा वाघ पाहून बायको किंचाळते, मुळी तिच्या हातातून पडून गवतात हरवते, आणि तो कायमचा वाघ राहून जातो. जॉर्जचे नीना नावाच्या परिचारिकेवर प्रेम बसते आणि आपण कोण आहोत हे तिला कसे सांगावे याने तो कासावीस होतो, तो भाग मी सांगू लागलो तेव्हा आजी मध्येच म्हणाली, “सांगू नको म्हणा तिले. मुळी पाडीन ते.” पुढे काय होते ते मी इथे लिहीत नाही, परंतु आजीची भीती अगदीच अनाठायी नव्हती.

ॲनीवर मात्र तिचा फार जीव जडला. आमच्याकडे बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते असे म्हणतात, आणि तिच्याविषयी बोलताना बायका आवाज खाली आणतात. ॲनीविषयी बोलताना आजीने आवाज खाली आणला नाही. ती लेकीविषयी बोलावे तशी बोलायची. तो साचलेल्या चहाचा प्रसंग सांगितल्यावर तिने विचारले, “तिचं दहाव्याचं कोणी केलं का?” मी म्हटले, त्यांच्यात तसे नसते. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “कावळा शिवला नसन. काहीतरी राह्यलं असन तिचं.”

मी चकित झालो, कारण त्या मालिकेतील नियम नेमका तोच आहे. भुताचे काहीतरी अपुरे राहिलेले असते म्हणून ते इथे अडकते, आणि ते पूर्ण झाले की त्याच्यासाठी एक दार उघडते. पहिल्या पर्वाच्या तिसऱ्या भागात गिल्बर्ट नावाचे दुसरे एक भूत येते. हा १९८० च्या दशकात मेलेला, सदैव उदास राहणारा तरुण आहे. आयुष्यात त्याने कधी कोणावर प्रेम केले नव्हते, आणि ॲनीवर त्याचे प्रेम बसते त्याच क्षणी त्याचे दार उभे राहते. म्हणजे ज्या कारणाने त्याला थांबावेसे वाटते, त्याच कारणाने त्याला जावे लागते. हा प्रसंग मी आजीला दोनदा सांगितला, कारण दुसऱ्या दिवशी तिने तो पुन्हा मागितला. दुसऱ्या वेळी मी दारापर्यंत आलो तेव्हा तिने हात जोडले आणि म्हणाली, “शिवला बाप्पा कावळा.”

ताई, सांगायचे इतकेच की भाषेची चिंता फार करू नका. एकीला समजेल तेवढे तिने दुसरीला सांगावे. काही भाग पाहण्यापेक्षा सांगताना मला अधिक कळले.

पांदणवाट

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी गच्चीवर बसून ब्रिटिश मालिकेचे पहिले पर्व उतरवले. सहा भागांना संध्याकाळ गेली आणि वर डासही भरपूर चावले. आतापर्यंत तीन भाग झाले आहेत. संत्राबाग भाऊ, अमेरिकन मालिका त्यानंतर नक्की पाहू. ‘घोस्ट्स’ आईसाठी राखून ठेवली आहे.

पहिल्याच भागात बहिणीने थांबवून कप मोजले आणि माझ्याकडे पाहिले, कारण नागपूरच्या खोलीत चहाचे कप न विसळता खिडकीत ठेवणारी मीच होते. मोहफूल भाऊ, घरमालकाविषयी तुम्ही काही न सांगितल्याबद्दल आभारी आहे. तिसऱ्या भागात आम्ही दोघीही एकदम उठून बसलो. धानपेरा भाऊ, गिल्बर्टचे दारही त्याच भागात आले, आणि तुमच्या आजींचे वाक्य त्या दाराआधीच आठवले, याची तक्रार करावी की आभार मानावेत ते कळत नाही.

इअरफोन लावले होते, तरी आईने वाती वळता वळता बरेच काही पाहिले असावे. तिसरा भाग संपल्यावर तिने एवढेच विचारले की, घरात भूत आहे हे त्या पोरांना कळले, तेव्हा त्यांनी घरमालकाकडून भाडे कमी करून घेतले की नाही.